हौसाबाईची वीज

सांगतो. पण मनापासून सांगत नाही, हे आधी ऐकून ठेवा. म्हाताऱ्या बैलाला खुंट्याला बांधलं की त्याला पळता येत नाही, आणि हे गोठ्यातल्या वासरांना बरोबर ठाऊक असतं. सकाळपासून शेपटी ओढताय, म्हणून सांगतो. मध्ये कोणी हंबरलं तर गप्प बसेन.

त्या मुलखात आभाळ घारीचं होतं आणि जमीन बाकीच्यांची. घारीच्या मनाला येईल तेव्हा ती खाली यायची आणि एखादं पिल्लू घेऊन जायची. त्यावर इलाज एकच होता. कोंबडीनं मान तिरकी करून एका डोळ्यानं आभाळ बघत राहायचं, सावली हलली की घशातून कुर्रर्र करायचं, आणि पिल्लांनी चोचीतला किडा टाकून तिच्या पंखाखाली शिरायचं. इलाज जुनाट होता, दिसायला भिकार होता, दिवसभर मान अवघडवणारा होता. पण चालायचा.

आमच्या परसात हौसाबाई नावाची कोंबडी होती. एका उन्हाळ्यात तिचं एक पिल्लू गेलं. तिनं कुर्रर्र वेळेवर केली होती, पिल्लू पळालंही होतं, पण घार त्याच्याहून वेगानं आली. तेव्हापासून हौसाबाईला लपण्याची शिसारी बसली. "आबा," ती मला म्हणायची, "एकदा त्या सटवीला वरून खाली पाडायचंय. एकदाच."

त्याच सुमाराला मोरांच्या मंडळीनं टेकडीखाली 'अफाट रान' उभारलं. दवंडी पिटायचं काम सोनोपंत पोपटाकडे होतं. सोनोपंत आमच्याच पेरूच्या झाडावर राहायचे. बोलणं शुद्ध, पोट सुटलेलं, आणि डाळिंबं मोरांकडून घरपोच. ते फांदीवरून ओरडले, "आत पाऊल टाकताच प्रत्येक जीवाला अचाट शक्ती! आग ओका, डोंगर उचला, नखांतून वीज फेका! नजर जाईल तिथे जा!" मोर तर दारोदार फिरून पिसारा फुलवून दाखवत होते. पिसाऱ्यावर रान रंगवलेलं होतं. त्यात किल्ले होते, धबधबे होते, आणि मधोमध पेटून खाली पडणारी घार होती.

मी विचारलं, "पंत, तुम्ही आत जाऊन आलात का?"

"पिसारा पाहिला," ते म्हणाले, "तेवढं पुरे आहे."

हौसाबाईनं त्या रंगवलेल्या घारीकडे इतका वेळ पाहिलं की मला पुढचं कळलं. दुसऱ्या दिवशी तिनं पिल्लं माझ्या पोटाखाली आणून सोडली आणि गेली. मला विचारलंसुद्धा नाही.

रानाच्या दारात ही गर्दी. मोर म्हणाला, "रान अजून भरतंय, थांबा." समोर एक भोवरा फिरत ठेवला होता. सगळे तो बघत बसले. बसल्या बसल्या एक बोकड म्हातारा झाला, असं हौसाबाई म्हणते. ती वाढवून सांगत असेल.

वीज मात्र खरी मिळाली. ते नाकारत नाही. पंजा उचलला की नखांतून चर्रकन निघायची आणि समोरच्या दगडाचे दोन तुकडे व्हायचे. हौसाबाई दुपारपर्यंत दगड फोडत फिरली, एकटीच हसली. मग तिच्या लक्षात आलं की दगड तोच आहे. झाडही तेच आहे. एकच झाड रानभर लावलं होतं. तीच मोडकी फांदी, तेच घरटं, घरट्यात तेच तडकलेलं अंडं. घरं होती, पण दारं भिंतीवर रंगवलेली. प्रत्येक चौकात एक ससा उभा होता.

"बरं झालं आलात बाई, आमच्यावर संकट आलंय. छपरावरचे चकाकते मणी आणून द्या."

"कसलं संकट रे?"

"बरं झालं आलात बाई."

त्याच्या डोक्यात दुसरं काही भरलेलंच नव्हतं. तिनं मणी आणून दिले. पुढच्या चौकात तोच ससा, तेच संकट, तेच मणी. एक कोल्हा कमरेपर्यंत भिंतीत रुतला होता आणि तसाच पाय हलवत चालत होता. "याला कोणी काढत का नाही?" तिनं विचारलं. मोर म्हणाला, "डागडुजी पुढच्या मोसमात."

आणि घारी? घारी होत्या की. एकाच बाजूनं यायच्या, एकाच उंचीवरून, आणि वीज लागेपर्यंत समजूतदारपणे थांबायच्या. पोटात पेंढा. हौसाबाईनं इतक्या पाडल्या की पेंढ्याचा ढीग झाला. तोही थोड्या वेळानं आपोआप नाहीसा व्हायचा. लांब, टेकडीच्या माथ्यावर, खऱ्या घारीचं झाड दिसत होतं. वीज नखांत होती. ती त्या बाजूला धावत सुटली आणि मोकळ्या हवेवर चोच आपटली.

"तिकडे फक्त बघायचं," मोर म्हणाला.

बाहेर पडताना वीज दारात काढून घेतली.

परत आल्यावर ती आधी माझ्याकडे आली. चोच सुजली होती. आतलं सगळं सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आबा, आत काही नाही हो. नुसतं पोकळ."

म्हटलं, चला, एक तरी शहाणी झाली. तेवढ्यात सगळं परस गोळा झालं. शेजारच्या कोंबड्या, बदकं, तुमच्या आया, आणि पुढे तिची पिल्लं, चोची उघड्या टाकून. सोनोपंतांनी फांदीवरून विचारलं, "काय हौसाबाई, कसं काय?"

हौसाबाईनं पिल्लांकडे पाहिलं. शेजारणींकडे पाहिलं.

"अफाट," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, आत्ता मला काय सांगितलंस? पोकळ म्हणालीस ना?"

ती पायानं माती उकरत राहिली. बोलले ते सोनोपंत. "ज्याचं जग खुंट्याच्या दोराएवढं, त्यानं रानाबद्दल बोलू नये."

सगळं परस हसलं. तुमच्या आयाही हसल्या. हौसाबाई सगळ्यांच्या नंतर हसली, पण हसली.

मग रोजचंच सुरू झालं. "आई, वीज सांग ना!" ती सांगायची. "पंजा कसा उचललास?" ती उचलून दाखवायची. सांगता सांगता दगडाचा डोंगर झाला, पेंढ्याची घार रक्तामांसाची झाली. मान तिरकी करणं तिनं सोडलं. वीज फेकणारी बाई आभाळाकडे चोरून बघत नाही. तिचं बघून शेजारणींनीही सोडलं. पिल्लं एक पाय उचलून उकिरड्यावर मिरवू लागली.

मी तिला एकटीला गाठून म्हणालो, "हौसा, पोरांना खरं सांग. कुर्रर्र विसरतील."

"सांगते आबा. उद्या सांगते. किती खूश आहेत बघा ना."

तो उद्या यायच्या आधी घार आली.

सावली आधी पेरूच्या झाडावरून गेली. सोनोपंतांनी ती सगळ्यांत आधी पाहिली आणि एक अक्षर न बोलता ते ढोलीत शिरले. मग ती परसात उतरली. थोरलं पिल्लू ओरडलं, "आली रे, आली! लवकर या सगळे!" पिल्लं पळाली, पण पंखाखाली नाही. परसाच्या मधोमध, उघड्यावर, नीट दिसेल अशी जागा धरून ओळीनं बसली. मी दोराला हिसके दिले, हंबरलो. धाकटं पिल्लू वळून म्हणालं, "आबा, बाजूला व्हा ना, आम्हाला आई दिसत नाही."

हौसाबाईचा गळा हललेला मी पाहिला. कुर्रर्र तिथवर आली होती. पण सगळ्या माना तिच्याकडे वळल्या होत्या. तिनं गळा आवरला आणि एक पंजा वर उचलला. सावली मोठी होत गेली. पिल्लांनी टक लावली. पंजा तसाच हवेत राहिला, आणि वरून घार एकेकाला निवडत सावकाश उतरत होती.

ढोलीतून नुसती एक चोच बाहेर दिसत होती, सोनोपंतांची. माझी माफी मागायला ती अजून उघडलेली नाही.