सारजा धमनीची फुंकर

विश्राम गुरवांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्या मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी होती सारजा. ती आपल्याच अस्तरात तयार होणाऱ्या वायूची स्वतःवर फुंकर घालून अंग सैल ठेवायची. पण शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रातून रक्त फिरताना पुष्कळ तांबड्या पेशी फुटल्या आणि आतले प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिन नावाचे हमाल बेघर झाले. त्यातला एक सारजाकडे आला आणि तिची प्रत्येक फुंकर उचलू लागला.

“अहो, ती माझी आहे!” सारजा ओरडली.

“मी जन्माचा हमाल, बाई. वायू दिसला की उचलतो. कुठे पोचवू?”

सारजा आकसून सुतळीएवढी झाली. मूत्रपिंड तहानेने बोंबलू लागलं, लघवी बनेनाशी झाली.

शेवटी रक्तातल्या प्रथिनांपैकी एक दमलेली म्हातारी आली. अशा भटक्यांना यकृताकडे नेणं हे तिचं काम. तिने हमालाला कवेत घेतलं.

“माझं काय चुकलं? मी कामच करत होतो,” तो म्हणाला.

“घर फुटलं त्या दिवशी काम करू नये, बाळा. आधी रडून घ्यावं.”

तो तिच्या खांद्यावर रडत गेला. सारजा हळूहळू सैलावली.

दुपारी नर्सने विश्रामरावांची लघवीची पिशवी पाहिली आणि आनंदाने ओरडली, “झाली एकदाची!”