चिखलातली हजेरी

माणसाच्या पोरांना अजून पाटी ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. माळावर हरणांची शाळा भरायची. सकाळी ओढ्याकाठच्या चिखलात खूर उमटवला की हजेरी लागली. ज्याचे ठसे कमी पडतील त्याला कळपासोबत पुढच्या कुरणात न्यायचं नाही, असा नियम होता.

भिंगरी नावाच्या चिंकारा पोरीच्या जागी मात्र दोन वर्षं रोही गुरुजींचा, म्हणजे नीलगाय मास्तरांचा, थोराड खूर उमटत होता. सगळ्यांना ते दिसायचं. पण डोंगरापलीकडच्या कळपाला शर्यतीत तीच हरवायची, म्हणून सगळे गप्प.

"गुरुजी, उद्या बिबट्याचा वास ओळखायला शिकवणार ना? येऊ का?"

"मग शर्यत कोण पळणार, तुझा काका? सराव कर. हजेरीचं मी बघतो."

एक दिवस पळताना बिळात अडकून भिंगरीचा पाय मोडला. ती लंगडत वर्गात आली, तेव्हा गुरुजींनी पहिल्यांदाच तिच्या जागचे ठसे निरखून पाहिले.

"हे तुझे नाहीत. खोटी हजेरी! तू मागेच राहायचं."

"खूर तुमचाच आहे, गुरुजी."

"वर तोंड करून बोलतेस?"

म्हातारी हरणं माना खाली घालून गवत चघळू लागली. तिची सख्खी आत्यासुद्धा. भिंगरीला भांडायचं होतं, पण ती पार दमली होती.

"राहते मागे," ती म्हणाली. "फक्त बिबट्याचा वास कसा असतो, तेवढं सांगून जा. आता मला पळताही येणार नाही."

गुरुजींनी घसा खाकरला, तास संपल्याचं सांगितलं आणि कळपाला चालायला लावलं.