झोंबणारा लेप

विणकरांच्या एका गावात एक बाई आणि तिची एकुलती एक लेक राहत होत्या. लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा बाईने तिचा शालू स्वतःच विणायला घेतला. वर्षभर ती मागावर मान मोडून बसली. शालू झाला देखणा, पण तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. तिला त्याचं काही नव्हतं. अंतरपाट दूर झाला की त्या शालूतली लेक डोळे भरून पाहायची, एवढीच तिची हौस.

लग्नाला तीन दिवस उरले असताना होणारी विहीण आली आणि सहज म्हणाली, "विहीणबाई, बरं नाही का तुम्हाला? डोळे किती खोल गेलेत!"

झालं! बाईच्या मनाला ते लागलं. विहिणीची पाठ वळताच तिने लिंबाच्या रसात हळद आणि बेसन कालवलं. याच लेपाने तिचे काळवंडलेले कोपर उजळले होते.

"आई, कोपर वेगळे नि डोळे वेगळे," लेक म्हणाली.

"अगं, सगळं घरातलंच. रोज पोटात जातं, ते कातडीला काय करणार?"

लेप लावताच आग आग झाली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. लेक तांब्या घेऊन धावली. "आधी धुऊन टाक!"

"थांब गं. झोंबतंय म्हणजे गुण येतोय," बाई दात आवळून म्हणाली. लेप वाळेपर्यंत ती तशीच बसली. एवढ्यावर थांबेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या सुजून उघडेनात. लेकीने तिला हाताला धरून वैद्यांकडे नेलं आणि आईचं 'सगळं घरातलंच'सुद्धा त्यांना सांगितलं.

"मिरचीही घरातलीच ना, बाई? ती घालशील का डोळ्यात?" म्हातारे वैद्य कळवळून म्हणाले. "पापणीखालची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. झोंबलं, तेव्हाच धुवायचं होतंस. आता आठ दिवस पट्टी. डोळे वाचतील. पण रडायचं नाही."

"आठ दिवस? अहो, लग्न उद्या आहे!"

वैद्यांनी पट्टी बांधायला घेतली.

मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. सारं गाव नवरीकडे पाहत होतं. बिचारी बाई तेवढी पट्टी बांधून कोपऱ्यात बसली होती. विहीण तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, मी काळजीने विचारलं होतं हो."

मग लेक आली. गुडघे टेकून तिने आईचे दोन्ही हात आपल्या गालांवर ठेवले. "बघ आई, कशी दिसते मी?"

बाईची बोटं लेकीच्या मुंडावळ्यांवरून, नथीवरून, शालूच्या काठावरून फिरली. वैद्यांनी रडू नकोस म्हणून बजावलं होतं. तेवढं मात्र तिला पाळता आलं नाही.

तात्पर्य एवढंच: घरातलं आणि झाडपाल्याचं असलं, तरी ते डोळ्यांना चालेलच असं नाही, झोंबलं की सोसत बसू नये, लगेच धुवावं आणि वैद्य गाठावा.