डावललेले हात

एकदा एक तरुण शिक्षक आपल्या वर्गाला हात वर करायला शिकवत होता. वर्ग आठवीचा, विषय गणिताचा. दुसऱ्या दिवशी गणित विभागाचे वृद्ध प्रमुख त्याचा तास पाहायला येणार होते.

तो मुलांना म्हणाला, "उद्या मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. एकही हात खाली दिसता कामा नये. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. डाव्या हाताला मी विचारणार नाही. घाबरायचं कारण नाही. कळलं?"

मुलांना लगेच कळलं. दोन आठवडे कंसाचा विस्तार समजत नव्हता, पण ही गोष्ट एकदाच सांगून पुरली.

त्या तरुणाची नोकरीतली तीन वर्षे संपत आली होती. विभागप्रमुखांचा अहवाल सोमवारपर्यंत संस्थेच्या कार्यालयात गेला की तो कायम होणार होता. नाही गेला, तर आणखी एक वर्ष टांगणीला. घरी आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "झालं का रे कायमचं?" युक्ती त्याची स्वतःची नव्हती. शिक्षकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने चहा पिता पिता ती कानात सांगितली होती आणि वर म्हणाला होता, "अरे, पाहुणे जेवायला येणार म्हटल्यावर आपण फुटक्या बश्या मांडतो का?"

ठरल्या वेळी विभागप्रमुख आले आणि शेवटच्या बाकावर मुलांच्या शेजारी बसले. तास रंगात आला. तरुणाने फळ्यावर लिहिले, 'वजा दोन, कंसात क्ष वजा तीन' आणि विचारले, "विस्तार कोण सांगेल?"

बावन्न हात वर गेले. त्याने एक उजवा हात निवडला. उत्तर बिनचूक आले. दुसरे उदाहरण, दुसरा उजवा हात. तिसऱ्या उदाहरणाला त्याने वर्गावरून नजर फिरवली आणि ती शेवटच्या बाकावर अडखळली.

विभागप्रमुखांनी हात वर केला होता. डावा.

पुढच्या बाकावरची दोन मुले मागे वळून पाहू लागली. कोणीतरी कुजबुजले, "मोठ्या सरांनापण येत नाही!" खसखस पिकली आणि विझली. तरुणाने ते न पाहिल्यासारखे केले. मोठ्या आवाजात चौथे उदाहरण घातले, पाचवे घातले. तो हात खाली आला नाही. वय झालेला खांदा. कोपर थरथरू लागले, तेव्हा त्यांनी ते दुसऱ्या हाताने सावरले, पण हात वरच ठेवला. शेवटची दहा मिनिटे तो तरुण फळ्याकडे तोंड करूनच शिकवत राहिला. शिपायाने घंटा दिली तेव्हा त्याच्या पाठीला घामाने सदरा चिकटला होता.

विभागाच्या खोलीत तो मान खाली घालून उभा राहिला.

"बस," विभागप्रमुख म्हणाले. ते खांदा चोळत होते.

"सर, तुम्ही… तो हात…"

"मला एक विचारायचं होतं. तू विचारूच दिलं नाहीस."

"सर, मी सांगतो काय झालं ते. मी मुलांना…"

"मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या तपासणीला मीही हेच केलं होतं. चौतीस वर्षं झाली." ते थोडे थांबले. "त्या वेळी माझ्या वर्गात कांता नावाची मुलगी होती. शेवटच्या बाकावर बसायची. तपासणी झाली, साहेब खूश होऊन गेले, मी ती गोष्ट विसरलो. कांता विसरली नाही. तिला वाटलं, शाळेची रीतच ही. येत नसेल तर डावा हात वर करायचा, म्हणजे सरांना कळेल आणि सर कधीतरी आपल्यापाशी येतील. दिवाळीपर्यंत ती रोज डावा हात वर करत होती. मला तो रोज दिसत होता. डाव्याला विचारायचं नाही, ही सवय तिला नाही, मला लागली होती. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही."

तरुण आता कुठे खुर्ची ओढून बसला.

"आपल्या भाषेत डावलणं म्हणतात ना, ते उगाच नाही. ज्याला येतं, त्याला आपली फारशी गरजच नसते. शिक्षकाचं काम डाव्या हातापासून सुरू होतं. आपण नेमकं तिथेच थांबतो आणि मग म्हणतो, तास छान झाला." ते क्षीण हसले. "कांता आता बाजारात भाजी घेऊन बसते. मी दिसलो की हाक मारते, 'सर, मेथी न्या की!' तिच्या मनात काही नाही. पण मी मागच्या गल्लीने घरी जातो. तेवढीच वाट लांब पडते."

मग त्यांनी खणातून एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. तो अहवाल होता. सही झालेली होती. 'फळ्याचा वापर उत्तम. मुलांचा सहभाग संपूर्ण.'

"यात खोटं एक अक्षर नाही," ते म्हणाले. "कार्यालयात तूच नेऊन दे."

त्या कागदाइतके जड काही त्या तरुणाने आजवर खिशात घेतले नव्हते. सर ओरडले असते, तर बरे वाटले असते. तो कार्यालयाच्या पायरीपर्यंत गेला आणि परत आला. घरी आईने विचारले तेव्हा तो "अजून नाही" एवढेच म्हणाला आणि ताटावर बसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याने कालचेच उदाहरण फळ्यावर लिहिले. "कोण सांगेल?"

बावन्न हात वर गेले. तपासणी नव्हती, पाहुणा नव्हता, तरीही काही उजवे आणि काही डावे. रीत पडली होती. एका दिवसात.

"सायमा, तू सांग."

खिडकीजवळची ती मुलगी दचकून उभी राहिली. "सर, माझा डावा आहे."

"म्हणूनच विचारतोय, बाळ. काय येत नाही ते सांग."

तिने आधी मैत्रिणीकडे पाहिले, मग बाकाकडे. "सर, वजा दोन गुणिले वजा तीन… अधिक सहा कसे होतात? दोन्ही वजाच आहेत की."

त्याने खडू उचलला. 'नियम आहे, पाठ करा' हे वाक्य जिभेवर आले होते. तीन वर्षे तो तेच सांगत आला होता. खडू फळ्याला टेकला आणि तिथेच राहिला. मग तो वर्गाकडे वळला आणि त्याने स्वतःचा डावा हात वर केला.

"मलाही हे नीट सांगता येत नाही. नियम येतो, कारण येत नाही. उद्यापर्यंत मुदत देशील?"

वर्ग मोकळेपणाने हसला. सायमाही हसली. त्यानंतर आणखी डावे हात हलू लागले, लपण्यासाठी नव्हे तर "सर, मला! सर, इकडे!" असे म्हणत.

शाळा सुटल्यावर त्याने घडी पडलेला अहवाल विभागप्रमुखांसमोर ठेवला. "सर, हा परत घ्या. पुन्हा एकदा तास पाहा आणि मग लिहा. वर्ष लांबलं तरी चालेल. आणि सर, वजा गुणिले वजा अधिक का होतं, ते मला शिकवा."

वृद्धांनी कागद उचलला, पाहिला, फाडला. "सोमवारला अजून तीन दिवस आहेत. उद्या सकाळी लवकर ये, वजाचं पाहू. माझा चौथा तास मोकळा असतो, तेव्हा तुझ्या वर्गात येतो."

दोघे बरोबरच फाटकाबाहेर पडले. रस्ता जिथे फुटतो तिथे विभागप्रमुख सवयीने मागच्या गल्लीकडे वळले, दोन पावले गेले आणि थांबले. त्यांनी दुखरा खांदा एकदा चोळला.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मला मेथी घ्यायची आहे."

आणि ते बाजाराच्या रस्त्याने चालू लागले.