निळाईची पाटी

फार पूर्वी डोंगर आणि समुद्राच्या मधोमध एक मोठं बाजारगाव होतं. तिथल्या गल्ल्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या, की बाहेरून आलेला माणूस हमखास चुके. म्हणून वेशीजवळ एक लांबच लांब दगडी भिंत बांधली होती. प्रत्येक दुकानाच्या नावाची पाटी त्या भिंतीवर बसवलेली असे आणि नावाखाली तिथवरची वाट कोरलेली असे. गिऱ्हाईक नाव शोधी, खाली कोरलेली वाट वाची आणि थेट दुकानात पोचे. ज्याची पाटी भिंतीवर नाही, त्याचं दुकान असून नसल्यासारखं.

पाट्या कोरून बसवण्याचा हक्क एकाच घराण्याला होता. त्या घरातल्या कर्त्याला सगळे पाटीकर म्हणत. आताच्या पाटीकराच्या आजोबांना हा हक्क मिळाला तेव्हा गावात मोजकी दुकानं होती, आणि आजोबा माणूसही भला होता. नातू मात्र वेगळ्याच मातीचा निघाला. लोकांनी ओट्यावर ताटकळत बसावं आणि त्यानं आत निवांत जेवावं, असा त्याचा कारभार. कुणी घाई केली तर शांतपणे म्हणायचा, "मग दुसरीकडे जा." दुसरीकडे असं काही नव्हतंच, हे त्यालाही ठाऊक होतं.

त्या गावात सगुणा नावाची एक रंगारीण आली. नदीच्या पुरात तिचं गाव वाहून गेलं होतं. सोबत म्हातारे सासू-सासरे, आणि हातात निळीचा रंग पक्का बसवण्याची कला. तिनं रंगवलेलं लुगडं कितीही धुवा, रंग फिका पडत नसे. गावच्या टोकाला एक पडकी पडवी मिळाली, तिथं तिनं रंगाचे रांजण मांडले. दुकानाचं नाव मनात कधीच ठरलं होतं: निळाई.

पाटीकरानं नाव ऐकून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी ये म्हणाला. ती गेली. मग म्हणाला, अमावास्येनंतर ये. ती तेव्हाही गेली. असं करता करता हिवाळा सरला. लुगडी घडी घालून पडून राहिली. सासूबाई काही बोलत नसत, पण पानातली अर्धी भाकरी हळूच सुनेकडे सरकवत, आणि ते सगुणाला बोलण्यापेक्षा जास्त लागे.

एके दिवशी भिंतीवर 'निळाई'ची पाटी झळकली. सगुणा धावत गेली. पण पाटीखालची वाट पाटीकराच्या भाच्याच्या घराकडे जात होती. त्या भाच्यानं जन्मात कधी कापड रंगवलं नव्हतं. तो हसून म्हणाला, नाव हवं असेल तर माझ्याकडून विकत घे.

सगुणा घरी गेली नाही. निळ्या हातांनी तशीच थेट राणीच्या दरबारात जाऊन उभी राहिली.

राणीनं सगळं ऐकलं आणि पाटीकराला बोलावलं. तो जराही डगमगला नाही. तो म्हणाला, "राणीसाहेब, हे काम दहा जणांना दिलंत तर एकच नाव दोघं लावतील. गिऱ्हाईक एकीकडे निघेल आणि पोचेल भलतीकडे. एकाच्या हाती आहे, म्हणून भिंतीवर विश्वास आहे."

दरबारातल्या पुष्कळांना ते पटलं. राणीही विचारात पडली. शेवटी तिनं निर्णय दिला, की काम एकाच्याच हाती राहील, पण पाटीकराचा हक्क आजपासून काढला आणि तो सगुणाला दिला.

एका शब्दात निळाई सगुणाची होणार होती. सासू-सासऱ्यांना पोटभर जेवण, डोक्यावर धड छप्पर. ज्या ओट्यावर ती हिवाळाभर बसली, त्या ओट्यावर आता बाकीचे बसले असते. हे शेवटचं मनात आलं आणि ती दचकली. त्या विचारानं तिला क्षणभर बरं वाटलं होतं.

"राणीसाहेब, मला हे नको," ती म्हणाली. "आज मी भली आहे. पण लोकांना माझ्यावाचून गत्यंतर नाही, हे कळल्यावर मी भली राहीन याची मला खात्री नाही."

"मग एकच नाव दोघांनी लावलं तर?" राणीनं विचारलं.

"भिंत एकच राहू द्या, आणि ती तुमच्या राखणीत राहू द्या. आधी येईल त्याचं नाव. पण पाटी कोरून नाव भिंतीपर्यंत नेण्याचं काम ज्याला जमेल त्याला करू द्या. कुणाकडे जायचं, ते लोक ठरवतील."

राणी उठून उभी राहिली. तिनं तसंच फर्मान काढलं आणि वर एक कलम घातलं: ज्या नावामागे दुकानच नाही, ती पाटी उतरवायची.

फर्मान लागू झालं त्या सकाळी अख्खं गाव भिंतीपाशी लोटलं. घोळ होणार म्हणून पाटीकर लांबून पाहत होता. आणि झालंही तसंच. एक हलवाई आणि एक सोनार, दोघांचे पाटी कोरणारे कारागीर 'चांदणी' हेच नाव घेऊन आले. भिंतीच्या राखणदारानं पाहिलं, हलवायाचा माणूस आधी आला होता. सोनाराच्या कारागिरानं तिथंच मालकाला दुसरी चार छान नावं सुचवली. दुपारच्या जेवणाआधी 'सोनचाफा' भिंतीवर लागलं, आणि सोनार म्हणाला की हे तर पहिल्याहून बरं आहे. गर्दीतून हसू उसळलं. लोकांची भीती गेली ती तेव्हाच.

मग गाव बघता बघता फुललं. ज्यांना वर्षानुवर्षं पाटी मिळाली नव्हती, ते कासार, बुरूड, अत्तरवाले भिंतीवर आले. भिंत लांबवावी लागली. पाट्या कोरणारे कारागीर आता दुकानदारांच्या दारी जाऊन नाव विचारू लागले.

भाच्याची पाटी उतरली आणि 'निळाई' मोकळं झालं. सगुणा रांगेत थांबून आपल्या पाळीनं पोचली, तोवरही कुणी ते नाव घेतलेलं नव्हतं. गावानं तिच्यासाठी ते सोडलं होतं. आता पाटी कुणाकडून कोरून घ्यायची, एवढंच राहिलं. कारागिरांनी तिला हाका मारल्या. ती सगळ्यांच्या पुढून चालत गेली आणि भिंतीच्या टोकाला एकट्याच बसलेल्या पाटीकरासमोर थांबली.

त्यानं मान वर केली नाही. "माझ्याकडे का आलीस, बाई?"

"तुमचं अक्षर गावात सगळ्यात सुंदर आहे," ती म्हणाली. "आधी मला यावंच लागायचं. आज मी आपणहून आलेय."

पाटीकरानं छिन्नी उचलली. दिवस मावळण्याच्या आत पाटी भिंतीवर होती, आणि तसं देखणं अक्षर त्याच्या हातून पूर्वी कधी उतरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी निळाईच्या पडवीपुढे गिऱ्हाइकांची रांग लागली, आणि सासूबाई घड्या उलगडून दाखवता दाखवता दमून गेल्या.

तात्पर्य: लोकांना निवडीची मोकळीक असली, की कारागिराचा हात सुधारतो आणि गावही वर येतं. म्हणून एकट्याची मक्तेदारी मोडताना ती आपल्या पदरात पाडून घेऊ नये.