हशाबाची पायताणं

वेळशेतच्या किनाऱ्याला गलबतं लागत होती, त्या काळची ही गोष्ट. समोर खडकावर पिटुकला खारकोट. चार बुरूज, एक विहीर आणि जाखमातेचं देऊळ, एवढाच. ओहोटीला वाळूचा दांडा उघडा पडतो, त्यावरून चालत जायचं. भरती लागली की दांडा पाण्याखाली. दर्शनाला गेलेली माणसं गप्पांत रमायची आणि परतताना बुडायची.

गावात हशा नावाचा कोळी होता. तोंडाचा फटकळ, पण माणूस मायेचा. त्यानं रीत घातली, की गडावर जाणाऱ्यानं किनाऱ्यावरच्या धोंड्यापाशी पायताणं काढायची आणि येताना घालायची. भरतीच्या आधी एखादा जोड उरलेला दिसला, की हशा गडावर जाऊन त्या माणसाला हाकत आणी, शिव्यांसकट. मग कोणी बुडालं नाही, असं म्हणतात.

एका जत्रेला धोंडा मोकळा झाला. "आली सगळी," म्हणत हशानं आपली पायताणं पायात सरकवली. पाणी दांड्यावर चढू लागलं. इतक्यात एक म्हातारी रडत आली.

"माजी सून बायजा गडावरच ऱ्हायली."

"मग तिची पायताणं कुठं हायत?"

"तिनं नवस केलान. घरापासनं अनवानी आली."

हशाचा चेहरा उतरला. नवसाची माणसं अनवाणी येतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यालाच कसं सुचलं नव्हतं, कोण जाणे. पायताणं धोंड्यापाशी काढून तो पाण्यात शिरला. त्याचं पाऊल पडेल तिथली वाळू वर येत गेली, असं म्हणतात.

उपासानं ग्लानी येऊन बायजा देवळाच्या ओट्यावर निजली होती. हशानं तिला उठवलं आणि पुढं घातलं. दोन्हीकडे पाणी उभं, मधे दांडा कोरडा. ती किनाऱ्याला लागली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठही भिजला नव्हता.

हशा मात्र दांड्यावरच थांबला. "आनी कोन अनवानी असंल तर?" म्हणाला आणि मागं वळला. तो गडात शिरला आणि दांडा बुडाला. पुढच्या ओहोटीला लोकांनी गड पालथा घातला, पण हशा सापडला नाही. अख्खं गाव रडलं, पण त्याचं श्राद्ध कोणी घातलं नाही.

आजही खारकोट बघायला येणारा, मोटारीतून उतरलेला असो की एसटीतून, धोंड्यापाशी चपला काढतो. अनवाणी आलेला करवंटी ठेवतो. भरतीच्या आधी सगळं उचललं जातं. एक जोड तेवढा उरतो. दर जत्रेला गाव तो नवा करून ठेवतं.

तो पाहून एखादा पाहुणा घाबरतो. गडावर कोणीतरी राहिलंय, म्हणतो. करवंट्या राखणारी बाई त्याला सांगते, "ती हशाबाची. त्याचं बगून व्हायचं हाय अजून."