दहा दिवसांचा दिवा

लढाई चालू होती. दवंडीवाला रोज ओरडे, "आजवर आपले सातच शिपाई पडले हो!" तरी नगरात तेल दुप्पट खपू लागलं. प्रधानजींनी गिरजा तेलिणीला दरबारात उभं केलं.

"शत्रूला तेल विकतेस काय गं? मान उडवीन!"

गिरजा राजाकडे वळली. "महाराज, घरातलं माणूस गेलं की दहा दिवस अखंड दिवा ठेवतात. तेल तिथंच जातंय. माझ्यासंगं चार गल्ल्या फिरा. सात दिवे दवंडीतले, बाकीचे कुणासाठी जळतात ते प्रधानजींना विचारा."

राजानं हळूच विचारलं, "तुझ्या घरी?"

"दोन, महाराज."

दुसऱ्या दिवशी दवंडीवाला मेलेल्यांची नावं घेऊ लागला, तो दिवस मावळला तरी थांबला नाही.